तीन आसने, पण पोशाख एकही नाही

१/ ३० जून १९७१ची पहाट. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात ‘सोयूझ-११’ची कुपी हवाईछत्रीच्या आधाराने ठरल्याप्रमाणे उतरली. शोधपथकाने झडप उघडली, तेव्हा तिन्ही सोव्हिएत अंतराळवीर आसनांवर निश्चल होते. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा प्रयत्न झाला; तो व्यर्थ ठरला.

२/ ग्योर्गी दोब्रोव्होल्स्की, व्लादिस्लाव्ह वोल्कोव्ह आणि विक्टर पात्सायेव्ह हे ‘सॅल्यूत-१’ या जगातील पहिल्या अंतराळ स्थानकाचे पहिले रहिवासी. त्यांनी अवकाशात २३ दिवस काढून नवा उच्चांक प्रस्थापित केला होता. पात्सायेव्ह यांचा ३८वा वाढदिवसही तेथेच साजरा झाला.

३/ वास्तविक हा राखीव चमू होता. मूळ चमूतील वालेरी कुबासोव्ह यांच्या फुप्फुसावर डाग आढळला. क्षयाच्या संशयावरून, उड्डाणास काही दिवस उरले असताना, संपूर्ण चमूच बदलण्यात आला. कुबासोव्ह यांना क्षय नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले.

४/ परतताना यानाचे भाग विलग करणारे स्फोटक खिळे क्रमाक्रमाने उडायचे होते. ते एकाच वेळी उडाले. त्या हादऱ्याने जमिनीजवळ उघडायची वायुझडप सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर उघडली. दोन मिनिटांच्या आत कुपी निर्वात झाली. झडप अर्धवट बंद केलेली आढळली. ती हाताने मिटण्याइतका अवधी त्यांना मिळाला नाही.

५/ दाबयुक्त पोशाख अंगावर असते, तर जीव वाचू शकले असते. परंतु ‘सोयूझ’ची कुपी इतकी अरुंद होती की, पोशाखांसह तिघे त्यात मावत नसत. तिसऱ्या आसनासाठी पोशाख वगळले गेले होते.

६/ तिघांच्या अस्थी मॉस्कोत क्रेमलिनच्या भिंतीत विसावल्या. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांत अमेरिकी अंतराळवीर टॉम स्टॅफर्ड होते.

७/ यानंतरचे मानवी ‘सोयूझ’ १९७३मध्ये उडाले. आसने दोनच, आणि दोघांच्याही अंगावर ‘सोकोल’ म्हणजे ‘ससाणा’ नावाचा नवा दाबयुक्त पोशाख. तिसरे आसन परतले ते थेट १९८०मध्ये, सुधारित ‘सोयूझ टी’ यानात, तेही पोशाखासह.

८/ ३ एप्रिल १९८४ रोजी ‘सोयूझ टी-११’मधून राकेश शर्मा अवकाशात झेपावले, तेव्हा तिन्ही आसने भरलेली होती आणि तिघांच्याही अंगावर ‘सोकोल’ होता. पृथ्वीच्या वातावरणापलीकडे, प्रत्यक्ष अवकाशात प्राण गमावलेली माणसे आजवर तीनच. ‘सोयूझ’मध्ये बसणारा प्रत्येक प्रवासी आजही त्यांच्या मृत्यूने शिकवलेला पोशाख अंगावर चढवतो.