टीचरच्या ड्रॉवरमधला साखरेचा डबा



मुरगावच्या आठवणी म्हटलं की बंदर, खनिजाच्या बार्जी आणि दामोदराचा सप्ताह ओघानं येतातच. आज मात्र घरातली गोष्ट लिहितोय. लेकीला विचारूनच लिहितोय.

आम्ही मूळ पेडण्याचे. बँकेच्या बदलीमुळे वास्कोला आलो. १९८४ साली मुलगी चौथीत होती. ऐन पावसात शाळेतून चिठ्ठी आली, "मुलगी सारखी लघवीला जायला मागते, वर्गात लक्ष नाही." आम्ही तिलाच रागे भरलो. महिन्याभरात पोर वाळून काडी झाली, रात्री उठून तांब्याभर पाणी पिऊ लागली. तेव्हा कुठे तिला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "जुवेनाइल डायबेटीस."

शेजारी म्हणाले, गोड जास्त खाल्लं असणार. तसं काही नसतं. या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते. इन्सुलिन बाहेरून टोचायचं, तेही जन्मभर.

आता थोडा इतिहास. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवल्यासारख्या पथ्यावर कसेबसे दिवस काढायची आणि जायची. बँटिंग आणि सहकाऱ्यांनी पेटंटचे हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. म्हणजे माझी मुलगी आजारी पडली तेव्हा औषध येऊन बासष्ट वर्षं झाली होती.

आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी काचेची सिरिंज आणि सुया उकळत. एका चाचणी-नळीत ५ मिली निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि नळी स्टोव्हवर धरायची. रंग निळाच राहिला तर बरं. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. विटकरी आला की बायकोचा चेहरा उतरायचा. रंग आणि डोस मी वहीत लिहायचो, बँकेच्या लेजरसारखे.

घरचं जमलं. अडलं ते शाळेत.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर कधी कधी एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणं तुटतं. त्या वेळी तीन चमचे साखर ताबडतोब पोटात जायला हवी. मी हेडमास्तरांना एवढंच सांगायला गेलो, की तासाला बिस्कीट खायची परवानगी द्या. ते म्हणाले, "एकाला दिली की सगळे मागतील. आणि काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" मी जबाबदारीचं पत्र लिहून दिलं, अगदी इन्डेम्निटी बॉण्डच्या भाषेत. तरी त्या वर्षी सहलीला तिला नेलं नाही. बस सुटली तेव्हा ती खिडकीत उभी होती. ते अजून विसरलो नाही.

वाट काढली ती वर्गाच्या टीचरनी. त्यांनी ड्रॉवरमध्ये साखरेचा डबा ठेवला आणि लेकीला सांगितलं, "बाय, विचारायचं नाही, उठायचं आणि घ्यायचं." शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीलाही लक्षणं शिकवली. पुढच्या वर्षी सहलीला त्याच टीचर तिला स्वतःशेजारी बसवून घेऊन गेल्या. नियम कसलाच नव्हता, एका बाईचा शहाणपणा होता.

नियम यायला फार वर्षं गेली. सीबीएसईनं मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं आणि पाणी न्यायची मुभा दिली २०१७ साली. पहिल्या इंजेक्शननंतर ९५ वर्षांनी! २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानंही राज्यांना अशा मुलांच्या सोयींबद्दल लिहिलं. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात थॅलेसीमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे आजार आले. टाइप वन मधुमेह त्या यादीत नाही.

लेक आता पन्नाशीची आहे, नोकरी करते, दोन मुलांची आई आहे. लग्न ठरवताना अनेकांनी सल्ला दिला, आजाराचं बोलू नका. आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं. दोन स्थळं गेली, तिसरं टिकलं.

तुमच्या घरात दमा, फिट्स, मधुमेह असलेलं मूल असेल तर लपवू नका. एका कागदावर लक्षणं, काय करायचं आणि फोन नंबर लिहून टीचरच्या हातात द्या. आणि तुम्ही शिक्षक असाल तर ड्रॉवरमध्ये एक डबा ठेवा.

त्या टीचर आज नाहीत. त्यांच्या मुलांपैकी कोणी हे वाचत असेल तर आमचा नमस्कार.