वेताळाच्या वहाणा

जांभळ्या कपड्यातल्या त्या माणसाचं मूळ नाव वेताळ नाही, हे मला नववीत असताना कळलं. मामांना गाडीत बसवायला सोलापूर स्टेशनवर गेलो होतो. पुस्तकांच्या स्टॉलवर इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी आणि इंग्रजी अंक शेजारीशेजारी दोरीला लटकवलेले. मुखपृष्ठावरचं चित्र एकच, नाव मात्र इकडे वेताळ, तिकडे फँटम. मला फँटम ही नक्कल वाटली. जवळजवळ पन्नास वर्षं वाचून झाली, तरी ते मत पुरतं गेलेलं नाही.

नक्कल अर्थातच नव्हती. ली फॉक या अमेरिकन लेखकानं 1934 साली मँड्रेक जादूगार वर्तमानपत्रात आणला आणि 17 फेब्रुवारी 1936 रोजी फँटम. पहिला चित्रकार रे मूर. सुपरमॅन यायला अजून दोन वर्षं होती. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही सुपरहिरोंची पुढची ठरीव वेशभूषा इथून सुरू झाली. फॉकच्या मनात पोशाख करडा होता. 1939 साली रविवारची रंगीत पानं सुरू झाली, तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा.

भारतात इंद्रजाल कॉमिक्स हे टाइम्स ऑफ इंडियाचं प्रकाशन. पहिला इंग्रजी अंक मार्च 1964चा, गोष्ट फँटमच्या पट्ट्याची. संपादक जपून पावलं टाकणारे असावेत. मूळ कथेतले सिंग चाचे इथं ‘सिंगा’ झाले, फँटमच्या बापाचा मारेकरी रामा ‘रामालू’ झाला, बंगालची आठवण नको म्हणून बंगाला देशाचं ‘डेंकाली’ झालं. एवढं सोवळं पाळलं, आणि नायकाला नाव दिलं ते थेट भुतांच्या राजाचं!

या नावाचं कूळ जुनं. संस्कृतातला वेताल प्रेतात शिरून बोलणारा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागरात त्याच्या पंचवीस गोष्टी घेतल्या. मराठीत वेताळ पंचविशी झाली, ल चा ळ झाला, आणि वेताळ नुसता गोष्टीतला राहिला नाही. तो गावच्या वेशीवर शेंदूर लावून उभा राहिला. अमावास्येला भुतांची पालखी घेऊन निघू लागला. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. गोव्यात तो बेताळ. आमोणे, प्रियोळ, लोलये इथं त्याची देवळं आहेत. तिकडे त्याला वहाणा वाहतात. रात्रभर गावाभोवती गस्त घालून देवाच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या.

आता फॉकच्या नायकाचं इंग्रजी बिरुद पाहा : चालणारं भूत. चारशे वर्षं मरत नाही, रात्री जंगलात फिरतो, दुबळ्यांची राखण करतो. बंगालीत त्याला अरण्यदेव म्हटलं. नाव देखणं, पण त्यात तो देव होऊन बसतो, चालत नाही. वेताळात चालणं आहे, भय आहे, राखणही आहे. भाषांतरात असं क्वचितच जमतं.

आम्हा सोलापूरकरांना तर हे शिकवावं लागलं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज आजही त्यांना फेरी घालतात. गावाला फेरी मारून राखणारं कुणीतरी असतं हे आम्ही नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागं चालतच शिकलो. अमर वगैरे कोणी नसतो, गादी चालते, हेही ठाऊक होतं. वेताळाच्या घराण्यातही बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, सध्याचा एकविसावा.

नावानं एक गोष्ट झाकलीही. आफ्रिकी जंगलात राज्य करणारा गोरा माणूस आणि त्याला मानणारे ठेंगणे आदिवासी, ही वसाहतीच्या काळातली मांडणी मला चाळिशीपर्यंत खटकली नाही, कारण वेताळ आमचाच होता. 1976 साली आबिद सुरतींनी इंद्रजालसाठी बहादूर हा देशी नायक उभा केला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. विचार चांगला, पण बहादूरला वेशीवरचा धोंडा नव्हता. इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं.

फँटम चालूच आहे. फॉक 1999 साली गेले, तेव्हापासून रोजची पट्टी मुख्यतः टोनी डीपॉल लिहितात. 2016 साली चित्रं माइक मॅनलींकडे आली. डीपॉल बोलतात फार. मुक्का बसायला आठवडा लागतो, आणि मला जुन्या बत्तीस पानांची सवय. पण मोझ नावाचा म्हातारा द्रष्टा भविष्य सांगतो, की ग्रेव्हलाइन्सच्या तुरुंगातून सावर्णा देवी या बाईला सोडवलंस तर तुझी गादी बुडेल, ती दीर्घ कथा मी एकही दिवस न चुकवता वाचली. फॉकनं वंश गृहीत धरला होता. डीपॉलनी विचारलं, बाविसावा तसा निघालाच नाही तर? मुलगा किट हिमालयातल्या मठात शिकायला धाडलेला, मुलगी हेलोईज त्याच्याहून जास्त बापावर गेलेली. माझ्या मते फॉकनंतरचं एवढं चांगलं काम दुसरं नाही, आणि मराठीत ते यायला हवं. नाव मात्र वेताळच ठेवा.

तुमच्या माळ्यावर जुने मराठी अंक असतील तर पावसाळ्याआधी खाली काढून ऊन दाखवा. पिना गंजतात आणि मधली पानं आधी सुटतात.