काचमणी : घरगुती कामाच्या जागेचे वायुवीजन

बर्नरच्या उघड्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून मणी घडवताना ज्योतीतून व काचेतून निघणारे वायू, धूर आणि धूलिकण कारागिराच्या श्वासात येण्याआधीच पकडून घराबाहेर टाकण्याची, आणि बाहेर गेली तेवढीच ताजी हवा आत घेण्याची व्यवस्था. व्याख्येचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. घरगुती मांडणीत बहुतेक वेळा तोच राहून जातो.

या कामाला लॅम्पवर्क म्हणतात. पूर्वी तेलाच्या दिव्याची ज्योत भात्याने फुंकून तिच्यावर काच मऊ करीत, त्यावरून हे नाव पडले. पुढे दिवा जाऊन गॅस आला, पण नाव तेच राहिले. इटलीतील मुरानो बेट, जर्मनीतील लाउशा हे गाव (तेथील काचभट्टी १५९७ सालची) आणि उत्तर प्रदेशातील वाराणसी व हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगर ही काचमण्यांची नावाजलेली ठिकाणे. मंगळसूत्रातले बारीक काळे मणी मात्र या पद्धतीचे नव्हेत. ते काचेची लांब नळी ओढून व तिचे तुकडे पाडून करतात. ज्योतीवरचा मणी एकेक करून घडतो. चिकणमातीच्या लेपात बुडवून वाळवलेल्या पोलादी सळईवर वितळलेली काच गुंडाळायची, फिरवत गोल करायची, वर रंगीत काचेचे ठिपके-रेषा काढायच्या आणि मणी भट्टीत ठेवून सावकाश निववायचा. मुरानोच्या मऊ सोडा-काचेसाठी ही भट्टी ५०० ते ५२० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात.

विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत छोटे टेबल-बर्नर सहज मिळू लागले आणि हे काम हौशी माणसांच्या गॅरेजमध्ये, तळघरात, माडीवरच्या रिकाम्या खोलीत शिरले. भट्टीवाल्यांच्या शेडला उंच छप्पर असते, भिंती अर्ध्या उघड्या असतात. राहत्या घराची खोली दहा बाय दहाची आणि तिची दारे-खिडक्या बंद. हवेचा प्रश्न या फरकातून उभा राहतो.

ज्योतीतून काय निघते. एक किलो प्रोपेन पूर्ण जळला की तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, आणि त्यासाठी साडेतीन किलोहून अधिक ऑक्सिजन लागतो. हा हिशेब ज्योत निर्मळ जळते असे धरून केला आहे. काचेच्या काही रंगांसाठी, विशेषतः चांदी असलेल्या काचेला चमक आणण्यासाठी, कारागीर मुद्दाम ऑक्सिजन कमी करतात. ज्योतीचे टोक मग पिवळट व लांब होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तासभर काम केल्यावर कपाळ जड होते, किंचित मळमळते, आणि माणूस समजतो की टक लावून पाहिल्यामुळे डोके दुखते आहे.

नायट्रोजनची ऑक्साइडे याहून दुर्लक्षित राहतात. ती इंधनातून येत नाहीत, खोलीतल्या हवेतूनच तयार होतात. सुमारे १,५०० अंशांच्या वर हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी संयोग पावू लागतात. ऑक्सिजन-प्रोपेनची ज्योत अडीच हजार अंशांच्या पुढे असते आणि ती भोवतालची हवा ओढून घेतच जळते. म्हणजे ज्योत जितकी गरम व ‘स्वच्छ’, तितका हा वायू जास्त. धूर दिसत नाही म्हणून हवा चांगली आहे, हा समज येथे पुरता खोटा ठरतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून तो नाका-घशात अडकत नाही. थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. त्याचा त्रास कित्येकदा काही तासांनी, घरातले सगळे झोपल्यावर जाणवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने त्याची अल्पकालीन शिफारस-मर्यादा दशलक्ष भागांत १ भाग एवढीच ठेवली आहे. कार्बन मोनॉक्साइडसाठी कामाच्या दिवसाची सरासरी मर्यादा ३५ भाग आहे.

काचेतून निघणारी वाफ तुलनेने थोडी, पण ती कोणत्या रंगाची काच आहे यावर अवलंबून असते. लाल-पिवळ्या-नारिंगी कांड्यांत कॅडमियम व सेलेनियम असू शकते. काही मिन्यांत व जुन्या काचेत शिसे असते. मण्यावर चांदी-सोन्याची वाफ बसवण्याचे काम तर धातू उघड उघड हवेत सोडण्याचेच आहे. ते हूडशिवाय, म्हणजे ज्योतीवरची हवा ओढून बाहेर टाकणाऱ्या झाकणाशिवाय, करूच नये. सळईवरच्या वाळलेल्या लेपाची आणि मण्याच्या भोकातल्या मातीची धूळ हा वेगळा विषय आहे. तिला पंख्यापेक्षा पाणी बरे. भोक पाण्याखाली घासावे, टेबल झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

खिडकी का पुरत नाही. मराठीत ‘खेळती हवा’ हा शब्द इतका गोड आहे की कोणत्याही खोलीला ती असली की पुरे, असे वाटते. बैठकीच्या खोलीला ती पुरतेही. ज्योतीपाशी मात्र खेळती हवा दोन्हीकडून नडते. झुळूक आली की ज्योत हलते, मणी एका बाजूने गार होऊन तडकतो, म्हणून कारागीर स्वतःच खिडकी लोटून घेतो. आणि झुळूक नसेल तेव्हा वायू खोलीभर पसरून पातळ होतात, बाहेर जात नाहीत. त्यातून कारागिराची बैठक अशी की कोपरे टेबलावर टेकलेली, मान पुढे, आणि नाक ज्योतीपासून जेमतेम हातभर. खोलीची सरासरी हवा कशीही असो, त्याच्या वाट्याला येते ती ज्योतीवरची. त्यामुळे हवा खेळती असून भागत नाही. तिला एकाच दिशेने ओढ लागते : पाठीकडून खांद्यांवरून पुढे, ज्योतीवरून हूडमध्ये, तिथून बाहेर.

छताचा पंखा हे वायू फक्त ढवळतो. कोळशाच्या किंवा कागदी गाळण्यांची हवाशुद्धी यंत्रे धूलिकण पकडतात, कार्बन मोनॉक्साइड पकडत नाहीत. बाजारात मिळणारी नळीविरहित किचन चिमणीही त्याच कारणाने निरुपयोगी आहे. फोडणीचा तेलकट धूर गाळून तीच हवा पुन्हा खोलीत सोडणारे यंत्र वायूला काही करू शकत नाही. चेहऱ्यावरच्या धुळीच्या मास्कलाही हेच लागू.

हूड. फुंकर घालून हातभर अंतरावरची पणती विझवता येते. श्वास आत ओढून ती विझवता येत नाही. हूडचे सगळे शास्त्र या साध्या अनुभवात आहे. उघड्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके लांब गेले की ओढीचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या दहाव्या हिश्शावर येतो. म्हणून टेबलाच्या वर दोन-तीन फुटांवर लोंबणारा पंखा कितीही मोठा असला तरी ज्योतीपाशी दुबळाच ठरतो. ओढीचे तोंड ज्योतीकडे न्यावे लागते, किंवा ज्योतच त्याच्या आत आणावी लागते.

स्वस्तात सर्वांत चांगला चालतो तो तीन बाजूंनी बंद केलेला पेटीसारखा हूड. टेबलावर मागे एक व दोन्ही बाजूंना एकेक पत्रा उभा करायचा, वर उतरते झाकण घालायचे, झाकणाच्या मागच्या उंच भागातून नळी काढायची आणि बर्नर पेटीच्या तोंडाच्या जरा आत बसवायचा. गल्लीतला पत्रेवाला हे एका दिवसात करून देतो. जस्ताचा पत्रा चालतो, पण ज्योत त्याच्यावर थेट आदळता कामा नये. जस्त ४२० अंशांना वितळते आणि त्याच्या धुराने ताप भरतो. ज्योतीसमोरची बाजू म्हणून मागे सरकवून ठेवावी, किंवा तिला सिमेंट बोर्डाचे अस्तर द्यावे. टेबलाचा पृष्ठभागही त्याच बोर्डाचा असावा.

पंखा किती मोठा हे हूडच्या उघड्या तोंडावरून ठरते. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर मिळावा, हा प्रयोगशाळांतून आलेला ढोबळ नियम. तोंड ९० सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच असेल तर क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर. त्यातून सेकंदाला ०.२७ घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे ९७० घनमीटर हवा गेली पाहिजे. अमेरिकी पंख्यांच्या मोजमापात हे मिनिटाला ५७० घनफूट होते. तोंड अर्धे केले की पंखाही अर्धा लागतो. खर्च वाचवायची खरी जागा ही आहे, पंख्याची प्रत नव्हे.

पंख्याच्या पाटीवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. नळी जोडली, दोन कोपरे घातले, शेवटी जाळी लावली की तो उतरतो, आणि पात्यांच्या साध्या एक्झॉस्ट फॅनचा तर कोसळतो. असा फॅन भिंतीला भोक पाडून थेट बाहेर बसवला तरच उपयोगी. नळी लांब असेल तर पिंजऱ्यासारख्या चाकाचा ब्लोअर किंवा नळीत बसणारा इनलाइन पंखा घ्यावा. नळी धातूची, आतून गुळगुळीत आणि शक्य तितकी सरळ असावी. वीस सेंटिमीटरऐवजी पंधरा सेंटिमीटर व्यासाची नळी घेतली तर तेवढ्याच हवेला होणारा अडथळा सुमारे चौपट होतो. सुरवंटासारखी लवचीक नळी बसवायला सोपी, पण तिच्या सुरकुत्या हवा खातात. पंखा नळीच्या बाहेरच्या टोकाला बसवला तर घरातल्या सांध्यांतून गळती नळीच्या आत होते, खोलीत नाही. आवाजही घराबाहेर राहतो. ही सोयीची गोष्ट वाटते, पण सुरक्षेची आहे : गोंगाट करणारा पंखा लोक बंद करतात.

बाहेरचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीपासून आणि स्वतःच्या हवा घेण्याच्या जागेपासून किमान तीन मीटर दूर हवे. आपल्या पावसात ते खाली वळवलेले आणि कबुतरांसाठी रुंद घरांची जाळी लावलेले बरे.

आत येणारी हवा. बंद खोलीतून तासाला हजार घनमीटर हवा काढता येत नाही. पंखा नुसता घुमतो. हवेला वाट नसेल तर ती मिळेल तिथून येते, आणि इथे धोका दुपटीने वाढतो. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचे, थंड देशांत तळघरातल्या तापकाचे धुराडे उलटे वाहू लागते व त्यातला कार्बन मोनॉक्साइड घरात ओढला जातो. गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरात गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात येतात. तसल्या घरात मोठा एक्झॉस्ट लावताना हे आधी तपासावे. वरच्या उदाहरणातल्या हूडला कारागिराच्या पाठीमागे ४५ बाय ६० सेंटिमीटरचे मोकळे तोंड, म्हणजे खिडकीचे एक तावदान, पुरते. त्यातून हवा सेकंदाला एक मीटर इतक्या संथ गतीने येते व ज्योत हलत नाही. बर्फाच्या प्रदेशात गरम केलेले घर गार होऊ नये म्हणून बाहेरची हवा वेगळ्या नळीने थेट टेबलाच्या पुढच्या कडेखाली आणून सोडतात. पुण्या-नाशिकच्या हवेत हा खटाटोप लागत नाही.

गॅस. हूड वर ओढतो. गळालेला एलपीजी मात्र खाली जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे आणि ब्युटेन दुप्पट. म्हणून सिलिंडर तळघरात किंवा खोलगट जागी नसावा. शक्यतो तो घराबाहेर उभा करून नळीनेच गॅस आत आणावा आणि जमिनीलगत एक झरोका ठेवावा. भारतात घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर विक्रीच्या धंद्यासाठी वापरण्यास मनाई आहे. मणी विकायचे असतील तर व्यावसायिक जोडणी घ्यावी. नळ्यांवर ज्योत उलटी शिरू न देणाऱ्या झडपा हव्यात, सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, आणि ऑक्सिजनच्या कोणत्याही सांध्याला तेल-ग्रीस लावू नये. कोविडच्या लाटेत घरी आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर छोट्या बर्नरला चालतात, परंतु ते खोलीतलीच हवा घेतात. खोलीची हवा वाईट तर त्यांचीही वाईट.

कोठे खर्च करावा. क्रम असा : पंखा, सरळ धातूची नळी, झडपा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हूड पत्र्याचा, टेबल जुने, खुर्ची कुठलीही चालते. अलार्मवर मात्र फार विसंबू नये. अमेरिकी मानकाप्रमाणे घरगुती अलार्म दशलक्षात ७० भागांना एक ते चार तासांनी वाजतो. ३५ भागांत दिवसभर बसलेल्या माणसाला तो काहीच सांगत नाही, आणि नायट्रोजन डायऑक्साइड त्याला कळतच नाही.

उदबत्तीची परीक्षा. सगळे बसवून झाल्यावर बर्नर न पेटवता पंखा चालू करावा आणि नेहमीच्या बैठकीत बसून पेटती उदबत्ती हूडच्या तोंडाशी धरावी. धुराची रेघ वाकून, न तुटता आत गेली पाहिजे. मग उदबत्ती तोंडाच्या चारही कडांवरून, शेवटी स्वतःच्या हनुवटीखालून न्यावी. कडेला धूर घुटमळला तर तोंड अजून मोठे आहे, किंवा पाठीमागून हवा कमी येते आहे. हनुवटीशी धूर वर चढून नाकाकडे आला तर बर्नर आणखी आत सरकवावा. त्यानंतर घरातले इतर पंखे, स्वयंपाकघरातली चिमणीसुद्धा, सुरू करून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण दोन पंखे एकाच घराची हवा ओढू लागले की दुबळा हरतो. ज्योत विझवल्यावरही पंखा दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवतात.