चाळीचा शेजार फ्लॅटमध्ये कसा आणायचा? छोट्या घराच्या इंटिरिअरचं साधं गणित

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, तेही ४० मजली टॉवरमध्ये. जागा तिपटीने वाढली, संडास-बाथरूम घरात आलं. पण दार बंद झालं की शेजारी कोण राहतं हेही कळत नाही, अशी तक्रार चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या अनेक घरांमध्ये ऐकू येते.

हा प्रश्न एकट्या बीडीडीचा नाही. गिरगाव, दादर, लालबाग-परळ, पुण्यातल्या पेठा, जिथे जिथे जुन्या चाळी आणि वाडे पाडून इमारती उभ्या राहतायत, तिथे तो आहे. आणि त्याचं थोडं उत्तर घराच्या इंटिरिअरमध्ये सापडतं.

चाळीत नेमकं काय होतं?

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२०च्या दशकात या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधून जाणारा पॅसेज आणि सामाईक संडास. गिरगावातल्या चाळींमध्ये पॅसेजऐवजी उघडी गॅलरी असायची.

खोली लहान असल्यामुळे अर्धं आयुष्य बाहेरच जायचं. भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास, कॅरम, भजनाचा सराव, सगळं दाराबाहेर. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सुरू झाला. गिरणगावातल्या चाळींनी शाहीर, भजनी मंडळं आणि कामगार रंगभूमीचे कलाकार घडवले.

अर्थात, चाळीत सगळं गोड नव्हतं. संडासासाठी रांग, पाण्यावरून भांडणं, बायकांना कपडे बदलायलाही आडोसा नाही. म्हणून चाळ जशीच्या तशी परत आणायची गरज नाही. तिच्यातली एकच गोष्ट वाचवायची आहे: घर आणि रस्ता यांच्या मधली जागा.

कोरियांच्या चार पायऱ्या

आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी ही गोष्ट सोप्या पद्धतीने मांडली होती. माणसाला राहायला चार प्रकारच्या जागा लागतात, असं ते म्हणत. पहिली, कुटुंबाची खासगी जागा. दुसरी, दाराची पायरी, जिथे शेजाऱ्याशी सहज बोलणं होतं. तिसरी, पाण्याच्या नळासारखी वस्तीने एकत्र येण्याची जागा. चौथी, मैदान. त्यांनी सिडकोसाठी १९८०च्या दशकात केलेल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये साधारण सात घरं एका छोट्या अंगणाभोवती आहेत, ती याच विचारातून.

टॉवर पहिली जागा भरपूर देतो. खाली गार्डन असेल तर चौथीही थोडीफार मिळते. गायब होतात त्या मधल्या दोन: दाराची पायरी आणि नळ. सगळ्यात जास्त फटका बसतो तो दिवसभर घरी असणाऱ्यांना, म्हणजे आजी-आजोबांना, लहान मुलांना आणि घर सांभाळणाऱ्या बाईला. दुसरी पायरी मात्र घरातल्या घरात बऱ्यापैकी परत मिळवता येते.

दार: सगळ्यात स्वस्त बदल

मुख्य दाराबाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असेल, तर दिवसा आतलं दार उघडं ठेवता येतं. सुरक्षितता राहते, समोरच्या खिडकीतून वारा खेळतो आणि येणारा-जाणारा 'काय काकू, जेवण झालं का?' एवढं तरी विचारतो. सेफ्टी डोअर पूर्ण पत्र्याचं किंवा लाकडाचं घेतलं, की हा फायदा गेला.

दाराच्या आत एक फूट खोल आणि दीड फूट उंच असा चपलांचा कप्पा करून वर बसायची सोय करावी. शेजारची आजी घरात न येताही तिथे पाच मिनिटं टेकू शकते.

हॉल: सोफा की सतरंजी?

समजा, हॉल १० बाय १४ फुटांचा आहे, म्हणजे १४० चौरस फूट. पाच जणांचा सोफासेट आणि मधलं टेबल मिळून साधारण ५० चौरस फूट खातात. बसणार फक्त पाच.

त्याऐवजी भिंतीलगत ६ बाय अडीच फुटांचा दिवाण ठेवला, तर १५ चौरस फुटांत तिघं बसतात, पाहुणा झोपतो आणि खाली गाद्या मावतात. उरलेल्या जागेत ६ बाय ९ फुटांची सतरंजी अंथरली की आठ जण मांडी घालून बसतात. म्हणजे त्याच हॉलमध्ये अकरा माणसं. हळदीकुंकू, भजन, मुलांची चित्रकला, पुस्तकवाचन, सगळं मावतं.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी दोन-तीन घडीच्या खुर्च्या हव्यात. जेवणाचं टेबलही भिंतीला लावलेलं, घडी होणारं चालतं.

स्वयंपाकघराला खिडकी

चाळीत भाजी निवडताना गप्पा व्हायच्या. फ्लॅटमध्ये तेच काम आतल्या बंद खोलीत, एकटीने होतं. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत सरकत्या काचेची खिडकी ठेवली, तर ओट्यापाशी उभं राहूनही हॉलमधल्यांशी बोलता येतं. फोडणीच्या वेळी काच बंद करायची.

पण भिंतीला हात लावण्याआधी ती कसली आहे, हे विचारा. बऱ्याच नव्या टॉवरमध्ये भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. बिल्डर याला 'मायवन' म्हणतात. या भिंती इमारतीचं वजन पेलतात, त्या फोडायच्या नाहीत. भिंत विटांची असली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची लेखी परवानगी घेऊनच काम काढा.

छंदाचा कोपरा

वेगळी खोली नसली तरी तीन फूट रुंदीचा कोपरा पुरतो. चित्र काढणाऱ्यांनी उत्तरेकडची खिडकी निवडावी, कारण तिथे वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही आणि उजेड एकसारखा राहतो. दिवा घेताना खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त आहे का, ते पाहावं. म्हणजे रात्रीही रंग खरे दिसतात.

रियाझ करणाऱ्यांचा एक गैरसमज असतो. पडदे, गालिचा, पुस्तकांची रॅक यांमुळे खोलीतला घुमारा कमी होतो, पण शेजारी जाणारा आवाज फारसा थांबत नाही. त्यासाठी दाराखालची फट रबराने बंद करा, शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला टेकून बसू नका आणि तबल्याखाली जाड सतरंजी घाला, म्हणजे खालच्या मजल्यावर ठोके कमी जातात. रियाझाची वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवली, तर भांडणाचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

पॅसेज आपला, पण सामान ठेवायला नाही

चाळीची सवय म्हणून चपलांचं रॅक, सायकल, कुंड्या पॅसेजमध्ये येतात. टॉवरमध्ये हे धोक्याचं आहे. आग लागली की धुरात चाचपडत जिन्यापर्यंत पोहोचायचा तोच रस्ता असतो. जिन्याचं फायर डोअर वीट लावून उघडं ठेवू नका, नाहीतर धूर जिन्यात शिरतो. रेफ्युज एरियाही रिकामाच हवा, तिथे हळदीचा मंडप नको. बाल्कनीला ग्रिल लावलंच, तर त्यात आतून उघडणारी झडप ठेवा.

आणि नळाचं काय?

तिसरी पायरी सोसायटीला मिळून बांधावी लागते. ड्रिल मशीन, शिडी, मोठी पातेली, जादा खुर्च्या या गोष्टी वर्षातून चार वेळा लागतात, तरी प्रत्येक घरात माळा अडवतात. त्या सोसायटी ऑफिसमध्ये एकत्र ठेवल्या, तर घरातलं एक कपाट कमी होतं आणि वस्तू न्यायला-आणायला आलेली माणसं भेटतातही. तिथेच पुस्तकांची एक रॅक आणि दोन बाकं ठेवता येतात. सर्वसाधारण सभेत ठराव करून जबाबदारी कोणाची ते लिहून घ्यावं, नाहीतर शिडी कुणाच्या घरात आहे यावरूनच वाद होतात.

सुरुवात कुठून करायची?

फर्निचरची ऑर्डर देण्याआधी खडूने जमिनीवर सोफा, पलंग, कपाट यांची मापं आखा. त्या रेघांच्या आत पाय न ठेवता आठवडाभर वावरून बघा. आधीच्या शेजाऱ्यांना चहाला बोलावा आणि ते कुठे बसतात ते पाहा. ते जिथे बसले, तेवढी जागा सुताराला सांगून रिकामी ठेवा.