माळव्याची अफू आणि ससून घराण्याचा धर्मादाय

ग्वाल्हेर संस्थानचा इतिहास शिकवताना आपण बहुधा महादजी शिंदे आणि किल्ला येथेच थांबतो. संस्थानच्या ताब्यातील उज्जैन, मंदसौर भागात पिकणारी अफू मुंबईमार्गे चीनला जाई, आणि त्या व्यापारातील पैशाचा काही अंश मुंबईच्या शाळांत व पुण्याच्या वृद्धाश्रमात मुरला, हा दुवा पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

डेव्हिड ससून (१७९२-१८६४) हे बगदादचे ज्यू व्यापारी. दाऊद पाशाच्या जाचामुळे त्यांना बगदाद सोडावे लागले व बूशहरमार्गे ते १८३२ च्या सुमारास मुंबईस आले. घरात अरबी बोलली जाई. थोरल्या मुलाचे नाव अब्दुल्ला होते, तेच पुढे सर अल्बर्ट झाले. कापूस, कापड यांबरोबर अफू हा पेढीचा मोठा धंदा होता. माळव्याच्या अफूवर ब्रिटिश सरकार १८३० नंतर पेटीमागे परवाना-शुल्क घेऊ लागले. म्हणजे शेतकरी, सावकार, संस्थान, सरकार आणि पेढी सारेच या साखळीत होते.

पेढीत प्रत्येक व्यवहारावर पाव टक्का धर्मादायासाठी बाजूला काढण्याची रीत होती. ज्यूंचा ‘त्सदाका’ आणि आपला ‘सदका’ हे एकाच सेमिटिक धातूचे शब्द आहेत. जकात मात्र वर्षभर टिकलेल्या संपत्तीवर असते. येथे आकारणी उलाढालीवर होती. त्यामुळे अफूची पेटी विकली गेली की धर्मादायही वाढे. या दानशूरतेचे कौतुक करताना ही अडचण झाकून चालणार नाही. चीनमधील व्यसनी माणसाचे नाव कोणत्याही कोनशिलेवर नाही.

या निधीतून काय उभे राहिले? मुंबईत १८५७ मध्ये बालगुन्हेगारांसाठी उद्योगशाळा निघाली. मुलांना तुरुंगाऐवजी हातकाम शिकवण्याची कल्पना त्या काळी नवीच होती. पुण्यात १८६० च्या दशकात ससून रुग्णालय व ‘डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह’ उभे राहिले. नवी पेठेतील हे गृह आज ‘निवारा’ म्हणून ओळखले जाते आणि तेथे निराधार वृद्धांची सोय होते.

भायखळ्यास मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससून नावाच्या शाळा आहेत. त्या मूळ ज्यू मुलांसाठी होत्या. इस्राएलच्या स्थापनेनंतर (१९४८) तो समाज बहुतांशी स्थलांतरित झाला. वर्ग रिकामे पडले नाहीत. आज तेथील बहुसंख्य विद्यार्थी आसपासच्या मोहल्ल्यांतील मुस्लिम मुले-मुली आहेत.