तटस्थतेचा भाव : लिस्बन आणि मुरगाव

सिकंदराबादहून रेल्वेने वास्कोला उतरलो की आपले सारे लक्ष समुद्रकिनाऱ्याकडे लागलेले असते. शेजारच्याच मुरगाव बंदरात दुसऱ्या महायुद्धातली एक चकमक झाली होती, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. ती समजून घ्यायची तर आधी लिस्बनला जायला हवे. कारण तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचे राज्य होते आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता.

पोर्तुगालच्या डोंगरांत वुल्फ्रॅम, म्हणजे टंगस्टनचे खनिज, सापडे. कठीण पोलादाची हत्यारे आणि रणगाड्याचे चिलखत भेदणारे तोफगोळे यांसाठी ते लागे. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर चढाई केली आणि चीनकडून रशियामार्गे येणारा तिचा माल बंद झाला. मग तिची भिस्त मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनवर आली.

इंग्लंडने दोन उपाय केले. जर्मनीच्या हाती पडू नये म्हणून चढ्या भावाने स्वतःच खनिज विकत घेतले आणि १३७३ च्या जुन्या मैत्री-तहाच्या आधाराने वाटाघाटी चालवल्या. भाव एवढे भडकले की तिथले शेतकरी शेती सोडून खनिज खणू लागले. हुकूमशहा सालाझार यांनी मात्र दोन्ही पक्षांना माल दिला. जर्मनीच्या हल्ल्याची धास्ती होती आणि तिच्याकडून सोनेही येत होते. अखेर जून १९४४ च्या सुरुवातीला त्यांनी वुल्फ्रॅमची निर्यात थांबवली. त्याच सुमारास दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्या. वारे कुठे वाहते आहे ते तोवर उघड झाले होते.

मुरगावात एवढा धीर धरला गेला नाही. एहरेनफेल्ससह तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज तिथे आश्रयाला होते. एहरेनफेल्सवरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा इंग्रजांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या स्वयंसेवक पथकांतले काही गोरे, त्यातले बरेचसे प्रौढ व्यापारी आणि नोकरदार, एका गाळवाहू बोटीतून बंदरात शिरले. एहरेनफेल्सचा कप्तान मारला गेला. जहाजे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून जर्मन आणि इटालियन खलाशांनी ती स्वतःच बुडवली. तटस्थ बंदराचा भंग झाल्यामुळे इंग्रजांनी प्रकरण दडपले. जेम्स लीझर यांच्या १९७८ च्या पुस्तकामुळे ते जगापुढे आले.

देश एकच होता, तरी लिस्बनमध्ये तहाचे दाखले दिले गेले आणि गोव्यात रात्रीचा छापा पडला. वुल्फ्रॅमच्या सौद्यात किंवा जहाजांना आसरा देण्यात गोवेकरांना कुणी विचारले नव्हते. स्फोट मात्र त्यांच्या दारात झाले. आजही युद्ध पेटले की कोणता देश कुणाला काय विकतो, याच्या बातम्या आपण वाचतो. त्या वाचताना, आणि पुढच्या खेपेला वास्कोला उतरल्यावर, आपण मुरगावची आठवण ठेवावी असे आम्हाला वाटते.