शाळेच्या वादातून उभी राहिलेली मंडळी

कोल्हापुरात रविवारची भक्ती सुटली की वायल्डर मेमोरियल चर्चच्या आवारात माणसं एकमेकांना ‘सलाम’ करतात. पाळकसाहेबांना सलाम, काठी टेकत आलेल्या मावशींना सलाम. आडनावं इथलीच, बोलीही इथलीच. चर्चचं नाव तेवढं अमेरिकेतल्या व्हरमाँटमधून आलेल्या माणसाचं.

रॉयल गूल्ड वायल्डर १८४६ साली अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये आले आणि १८५२मध्ये कोल्हापुरात. त्यांचा सगळा भर शाळांवर. १८५४-५५मध्ये या मिशनच्या बोस्टनमधल्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचं म्हणणं असं, की मिशनऱ्यानं स्थानिक भाषेत उपदेश करावा, इथलेच पाळक तयार करावेत. शाळांवर, त्यातही इंग्रजी शाळांवर, पैसा घालू नये. वायल्डरांना हे मुळीच पटलं नाही. शाळांची बाजू मांडणारं पुस्तक त्यांनी लिहिलं आणि १८६१मध्ये बोर्डाचा आधार सोडून ते अमेरिकेतून कोल्हापूरला परतले. पुढं १८७०च्या सुमारास हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं.

अँडरसनांचं सगळंच चुकीचं नव्हतं. मंडळी शेवटी मराठी पाळकांनीच सांभाळली. पण शाळांच्या बाबतीत मला वायल्डर बरोबर वाटतात. मिशनरी परक्या मुलखात आले होते हे खरं, पण बाप्तिस्मा घेणाऱ्याला स्वतःची गल्लीच परकी व्हायची. भाऊबंद तुटायचे, आणि धर्म बदलला म्हणून पाणवठा काही मोकळा होत नव्हता. धर्मांतरितांचा वारसाहक्क राखणारा १८५०चा कायदा ब्रिटिश मुलखासाठी होता. हे तर संस्थान. अशा घरातल्या लेकरांना बोर्डिंग हेच घर झालं. ईस्थर पॅटन, आयर्विन ही नावं कोल्हापूरकर आज सहज घेतात, ती शाळांचीच. शाहू महाराजांनी समाजासमाजांसाठी वसतिगृहं काढली, त्यांत ख्रिश्चन विद्यार्थ्यांचंही होतं.

वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. १८८६मध्ये अमेरिकेत माउंट हर्मनच्या मेळाव्यात त्याच्या पुढाकारानं शंभर विद्यार्थी परदेशी मिशनरी सेवेसाठी उभे राहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या स्टुडंट व्हॉलंटियर चळवळीनं पुढं हजारो तरुण जगभर धाडले.

१८८७मध्ये वडील वारले. त्यानंतर त्याची बहीण ग्रेस आईबरोबर परत इकडं आली आणि इस्लामपूरला काम करत राहिली.